नदीत कोणी नाही ना?

११ फेब्रुवारी

ती. ताईस नमस्कार,

फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला वाजतं, म्हणून हे पत्र. कागदावर तुला मला मध्येच तोडता येणार नाही आणि मला फोन आपटता येणार नाही.

काल तुझ्या नदीने माझ्या फळ्या नेल्या. तुझ्या म्हणतोय, कारण ती आता आमची राहिलेली नाही. दुकानामागच्या वाळूत वाळत घातल्या होत्या. मी आत रंधा मारत होतो. बाहेर येऊन बघतो तर वाळूच नाही, फळ्या कुठल्या असायला! एक पुलाच्या खांबाला अडकलेली मिळाली, बाकीच्या समुद्राला भेटायला गेल्या. त्यांचं डॉक्टरीणबाईंचं कपाट व्हायचं होतं. डॉक्टरीणबाई आता माझ्याकडे, आपण औषध न घेणाऱ्या पेशंटकडे बघावं, तशा बघतात.

पूर्वी पाणी दिवे लागायच्या सुमारास चढायचं. त्यावर घड्याळ लावावं इतकं नेमाने. धुणारे, वाळूवर खेळणारे, सगळे त्याआधी आपोआप वर यायचे. हल्ली ते भर दुपारी येतं, सकाळी येतं, एखाद्या दिवशी येतच नाही. दारू पिऊन घरी येणाऱ्या नवऱ्यासारखं झालंय. कधी येईल सांगता येत नाही, आणि आलं की आदळआपट.

तू तिथे मशीनपाशी बसतेस ना? मग एवढं सांग, कधी सोडणार ते आधी कळवायला काय होतं?

बाबा मजेत. रोज सकाळी पोहतात आणि मग मधल्या खडकावर पाय सोडून बसतात. गावच्या तलावावर इतकी वर्षं शिट्टी फुंकून लोकांना पोहायला शिकवलं, निवृत्त झाले तरी माणूस कोरडा राहायला तयार नाही. तुझी मास्तरीणबाई (माझी बायको गं, शाळेत गणित शिकवते म्हणून सगळं गाव तिला हेच म्हणतं, आता तूही म्हणतेस) नमस्कार सांगते.

तुझा बारक्या

---

१९ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

फळ्यांचं वाईट वाटलं. दारुड्या नवऱ्याचं मात्र आवडलं नाही, कारण त्या नवऱ्याला घराबाहेर काढणारी मी आहे.

नीट सांगते, म्हणजे पुन्हा विचारणार नाहीस. वर धरण, खाली डोंगराच्या पोटात आमचं वीजघर. पाणी मोठ्या पाइपातून खाली झेपावतं, चाक फिरवतं आणि तुमच्या नदीला जाऊन मिळतं. धूर नाही, राख नाही, पाण्याचा थेंब कमी होत नाही. दोन मशीनं आहेत. पूर्वी संध्याकाळी घरोघर दिवे लागले की आम्हाला हाक यायची. आता पठारावर नजर पोचेल तिथवर सौर पॅनेलं बसलीत. ऊन आहे तोवर आम्हाला कोणी विचारत नाही. पण ढग आला, की वीज एकदम कमी पडते. कोळशाचं वीजघर तापायला अर्धा दिवस घेतं. आमचं मशीन चहा निवायच्या आत पूर्ण जोरात फिरतं. म्हणून शहरातल्या डिस्पॅच केंद्रातून फोन येतो, 'सुरू करा'. सगळ्या वीजघरांना तिथूनच हुकूम जातात. तो कधी येईल हे मलाच ठाऊक नसतं, तुला काय कळवू? तुझ्या फळ्या पठारावरच्या एका ढगाने नेल्या असं समज.

मी दिवसभर त्या फोनकडे बघत बसते. वाजला तरी दचकते, नाही वाजला तरी चैन पडत नाही.

पण सुरू करण्याआधी आम्ही भोंगा वाजवतो. इथला आणि तुमच्या पुलावरचा, दोन्ही. तो ऐकला की नदीतून बाहेर यायचं, बस. यात न समजण्यासारखं काय आहे?

आता दुसरं. गेल्या तीन वेळा फोन केला, बाबा एकदाही बोलायला आले नाहीत. एकदा झोपलेत, एकदा अंघोळीला गेलेत, एकदा तू नुसताच 'अं अं' केलंस. ते रागावलेत ना? आईच्या शेवटच्या आजारात मला वीजघरातली पाळी सोडून निघता आलं नाही, ते अजून मनात धरून आहेत. खरं ते सांग. मी काय कच्चं मडकं नाही फुटायला.

ताई

ता. क. कंट्रोल रूमचा नंबर खाली लिहिलाय. तिथे मोबाइल चालत नाही. अगदीच निकड असेल तरच लाव, फळ्यांसाठी नको.

---

२ मार्च

ती. ताईस,

बाबा रागावलेले नाहीत. त्यांना फोन आवडत नाही, एवढंच. तू उगाच काहीतरी मनात घेऊन बसू नकोस.

भोंग्याचं म्हणशील तर ऐक. तो भोंगा गेल्या महिन्यात नुसता 'चालतोय का' बघायला इतक्यांदा वाजवलात की लोक आता त्याच्याकडे पोरांच्या रडण्यासारखं दुर्लक्ष करतात. वारा उलटा असला की वळणापलीकडे तो पोचतही नाही. नदी पुलाच्या खाली डावीकडे वळते बघ, तिकडचे लोक म्हणतात, आम्हाला भोंगा कळतो तो पाय ओले झाल्यावर.

मधला खडक तुला आठवतो? लहानपणी तू त्यावरून उडी मारून दात पाडून घेतला होतास तो. एका मशीनचं पाणी आलं की त्याच्यावर गुडघाभर चढतं. दोन्हींचं आलं तर वर उभा माणूसही दिसणार नाही. आम्ही आता पाण्याकडे बघून तुझ्याकडे काय चाललंय ते सांगू शकतो. 'आज ताईने दोन्ही लावली' म्हणतो.

गावात सभा झाली. पाण्याच्या वेळा ठरवून मिळाव्यात म्हणून एक समिती केलीय. सुतार असूनही मला तिच्यात घेतलं, का, तर बहीण वीजघरात आहे. म्हणजे तुझ्याविरुद्ध तुझाच भाऊ. मी म्हटलं, घरी हेच करत आलोय.

बाबांची काळजी करू नकोस. मी असतो सोबत.

बारक्या

---

१० मार्च

प्रिय बारक्या,

समितीच्या सन्माननीय सभासदांस नमस्कार.

वेळा ठरवून मिळणार नाहीत. ढगाला वेळा ठरवून देता येत असतील तर समितीने तसा ठराव करून आम्हाला पाठवावा. वीज डब्यात भरून ठेवता येत नाही रे. आमच्याकडे ती पाण्याच्या रूपाने धरणात साठलेली असते, आणि म्हणूनच सगळ्यांचं उणं आम्ही भरून काढायचं असतं. आम्ही उशीर केला तर कुठेतरी अंधार होतो.

तरीही तुझ्या पत्रानंतर मी आमच्या साहेबांकडे गेले होते, हे तुला कळावं म्हणून लिहितेय. म्हटलं, निदान मशीन सावकाश चढवू. आधी थोडं पाणी, लोकांना निघायला अवधी, मग पूर्ण. साहेब म्हणाले, "बाई, आपली किंमतच झटपट उठण्यात आहे. सावकाशच हवं असतं तर आपल्याला कोण विचारतं?" त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही, आणि बरोबर आहे असंही म्हणवत नाही. गेले काही दिवस जेवताना, कपडे वाळत घालताना, हेच डोक्यात फिरतंय.

डिस्पॅच केंद्रात माझी बदली होऊ शकते. विचारलंय त्यांनी. तिथे नदी दिसत नाही, नुसते पडद्यावरचे आकडे. जावं असं वाटतं, आणि नकोसंही वाटतं.

बाबांना फोन आवडत नाही म्हणतोस! तलावाच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या माणसाला हात कसा मारायचा सांगणारा माणूस, त्याला फोन आवडत नाही? ठीक आहे. मग त्यांना म्हणावं, दोन ओळी लिहा. शिव्या लिहिल्या तरी चालतील.

ताई

---

२० मार्च

चि. बाळ हिस बाबांचे आशीर्वाद.

शिव्या मागितल्यास, पण आता त्या आठवत नाहीत. वय झालं.

तू म्हणतेस मी रागावलो. का रागावू? तू आली नाहीस तेव्हा तुझी आई मला म्हणाली होती, "ती आली नाही म्हणजे अडकली असेल." ती रागावली नाही तर मी कोण? हा विषय इथे संपला.

फोन मला आवडत नाही. त्यात माणसाचं तोंड दिसत नाही.

नदीबद्दल हा तुला काहीबाही लिहीत असतो. लक्ष देऊ नकोस. तुझं पाणी आलं की मला कळतं. धरणाच्या तळाचं असतं ते, गार. पायाला लागलं की उठतो. तुझ्या हातचं पाणी म्हणून उलट बरं वाटतं. तू लहान असताना मी तुला पाण्यात ढकललं होतं आणि तू मला चावली होतीस. आता तू ढकलतेस. हिशेब पुरा झाला.

मास्तरीणबाई मला सकाळी नदीवर जाऊ नका म्हणते. माझ्याशी बोलताना ती हल्ली वर्गात बोलल्यासारखी एकेक शब्द सुटा बोलते. मला राग येतो, पण बोलत नाही. तिला मुलगी असती तर मी त्या पोरीला पोहायला शिकवलं असतं, म्हणजे मला बोलायची तिला फुरसत राहिली नसती.

बदली घेऊ नकोस. आकड्यांत काय आहे?

बाबा

---

२४ एप्रिल

ताई,

दवाखान्यातून आल्यावर तुला फोन केला, तर कॉलनीतल्या शेजारणीने उचलला आणि तू चौकशीला शहरात गेलीस म्हणाली. काय झालं ते तुला माझ्याकडून कळायला हवं, म्हणून लिहितोय. बाबा बरे आहेत. ही ओळ दोनदा वाच आणि मग पुढे जा. बाबा बरे आहेत.

त्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंचं कपाट पोचवायला शेजारच्या गावी गेलो होतो. बाबांना सांगून गेलो, आज नदीवर नको. त्यांनी मान हलवली. हल्ली ते सगळ्यालाच मान हलवतात, मला कळायला हवं होतं.

सकाळची शाळा सुटून निघताना मास्तरीणबाईने भोंगा ऐकला. घरी आली तर बाबा नाहीत, टॉवेल नाही. ती तशीच चपला घालून नदीवर धावली. बाबा खडकावर, गावाकडे पाठ करून बसलेले. पाय वर घेतलेले, म्हणून ते गार पाणी त्यांच्या पायाला लागलंच नाही. जायच्या वाटेवरचे दगड तेव्हाच पाण्याखाली गेले होते. ही ओरडली. तुला तिचा आवाज माहीत आहे, चाळीस पोरं गप्प होतात. बाबा हललेसुद्धा नाहीत.

कारण बाबांना ऐकू येत नाही, ताई. गेल्या वर्षापासून कमी होत होतं, आता जवळजवळ काहीच नाही. तलावाच्या पाण्याने कान गेले असं डॉक्टरीणबाई म्हणतात. बाबांनी मला शपथ घातली होती, तुला सांगायचं नाही. "तिला कळलं तर ती मला नदीवर जाऊ देणार नाही, आणि स्वतः तिथे मशीनपाशी सुखाने बसू शकणार नाही." मी गप्प राहिलो.

नदीवरून मास्तरीणबाईने मला फोन केला आणि मी तुला. ते तुला माहीतच आहे.

फोन ठेवून तिने वाळूतले दगड उचलले आणि बाबांना मारायला लागली. हो, मारायला. वर्गात खडू फेकून फेकून तिचा नेम पक्का झालाय. पहिले दोन पाण्यात, तिसरा बरोबर पाठीत. बाबा असे फिरले की तिला वाटलं, आता पाण्यावरून चालत येतात आणि मुस्काटात देतात. मग त्यांनी पाणी पाहिलं. उठले, बाह्या सारल्यासारखे हात केले आणि उडी मारायच्या पवित्र्यात उभे राहिले. त्या वयात, त्या ओढीत! तिने दोन्ही हात वर करून, वर्गाला करते तशी खूण केली, खाली बसा. जन्मात कोणाचं न ऐकलेला माणूस, बसला. खडकाच्या कपारीत हात घालून बसून राहिला. पाणी पावलांवर आलं, कमरेवर आलं, छातीला लागलं. ती म्हणते, तेव्हा बाबा तिच्याकडे बघत होते आणि ती त्यांच्याकडे. दोघांपैकी कोणी नजर हलवली नाही.

आणि मग पाणी छातीलाच थांबलं. तिला आधी भास वाटला. थोड्या वेळाने ते उतरायला लागलं.

अग्निशमनवाले दोर घेऊन आले तोवर बाबा गुडघाभर पाण्यात उभे होते. म्हणाले, "मला धरू नका." तरी त्यांना धरूनच आणलं.

पाठीला मोठा काळानिळा डाग आहे. कोणी विचारलं तर सांगतात, सुनेने मारलं. त्यात काय आनंद होतो कुणास ठाऊक!

तुझ्यावर काय बेतलंय ते लिही.

बारक्या

---

३ मे

प्रिय बारक्या,

तुझं पत्र आलं तेव्हा मी चौकशीहून परतले होते. रागावायचं ठरवलं होतं तुझ्यावर. दगडाचं वाचून हसू आलं आणि मग रडूही आलं, त्यामुळे राग राहून गेला.

माझ्या बाजूचं ऐक. त्या दिवशी पठारावर आभाळ भरून आलं होतं. पहिलं मशीन सुरू केलं. थोड्या वेळाने कुठलं तरी मोठं वीजघर बंद पडलं, वरून फोन, दुसरंही लावा. भोंगा वाजवला, लावलं. ते पूर्ण जोरात येतंय तोच हा दुसरा फोन वाजला. तुझा आवाज ओळखू येईना. तू म्हणालास, "ताई, बाबांना ऐकू येत नाही." मला वाटलं, फोनवर आवाज जात नाहीये. मी म्हटलं, "मग मोठ्याने बोल ना त्यांच्याशी." तू किंचाळलास, "भोंगा ऐकू आला नाही गं! खडकावर आहेत!"

एवढे दिवस मला वाटत होतं ते माझ्याशी बोलत नाहीत. एका वाक्यात सगळं उलटं झालं, आणि त्यावर विचार करायला वेळ नव्हता. वाटेत निघालेलं पाणी मला परत बोलावता येत नव्हतं. पुढचं थांबवणं एवढंच हातात होतं. लाल बटणावर एक झाकण असतं. ते उघडलं आणि दोन्ही मशीनं बंद केली.

मशीन बंद होतानाचा आवाज मला माहीत आहे. त्या दिवशी तो फार लांबला.

डिस्पॅचचा फोन लगेच. "काय झालं? बिघाड आहे का?"

"बिघाड नाही. मी बंद केलं. नदीत माणूस आहे."

"कोण माणूस?"

"माझे वडील."

 पलीकडून फोन ठेवला गेला. शहराच्या दोन भागांत दिवे गेले, लिफ्ट मध्येच अडकल्या, सिग्नल बंद पडले. दवाखान्यांचे आपापले जनरेटर चालले. पण एका कारखान्यात अंधारात जिना उतरताना एक बाई पडली. तिचा हात दोन ठिकाणी मोडला. तिचं वय माझ्याएवढंच.

चौकशीला तिघं होते. वाईट वागले नाहीत. त्या बाईचं त्यांनी वाचून दाखवलं. मग मधले गृहस्थ चष्मा काढून म्हणाले, "एक विचारतो. तुमचे वडील नसते, कोणी परका असता, तर मशीनं बंद केली असती?"

साहेब माझ्या शेजारी होते. मी 'हो' म्हणावं म्हणून त्यांनी खुर्ची सरकवल्यासारखं केलं. माझ्या तोंडून निघालं, "मला माहीत नाही."

त्यांनी ते लिहून घेतलं.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. क्वार्टरमधली भांडी मी दोनदा घासली. कामावर यायचं नाही असं सांगितलंय, निकाल लागेपर्यंत. मशीन कोणी सुरू केलं की इथे खिडकीची तावदानं थरथरतात. तेवढ्यावरून मला कळतं आणि मी उठून उभी राहते. करायला काही नसतं, तरी उभी राहते.

बाबांना सांग, मी रागावले नाही. कसं सांगशील? लिहून दाखव.

ताई

---

१६ मे

ताईंना नमस्कार,

आज मी लिहितेय, कारण हे दुकानात बसून समितीसाठी पुलावरच्या खोलीचा दरवाजा बनवताहेत. तुमच्या वीजघराकडून समितीला पत्र आलंय म्हणे, पुलावर फोन घेऊन एक माणूस बसवणार आणि मशीनं सावकाश चढवणार. समितीत सगळे एकमेकांची पाठ थोपटताहेत. जो माणूस नेमलाय तो आमच्या शाळेचा जुना शिपाई आहे, डोळ्याने चांगला. पण त्याला पुलावरून वळणापर्यंतच दिसतं. हे मी समितीत बोलले तर म्हणाले, मास्तरीणबाई, तुम्ही गणितात पुढच्या पानावरची बेरीज आजच मांडता.

लिहायचं कारण बाबा. नदीवर जात नाहीत. कोणी जाऊ नका म्हटलं नाही, आपण होऊन जात नाहीत. सकाळी टॉवेल खांद्यावर टाकतात, अंगणात फेऱ्या मारतात, टॉवेल परत दोरीवर. घरात कोणी बोलायला लागलं की उठून जातात. आम्ही हसलो तर त्यांना वाटतं त्यांच्यावर हसलो. परवा मी पाटीवर खडूने 'जेवायला चला' लिहून दाखवलं, तर त्यांनी त्याखाली लिहिलं, 'मी पहिलीत आहे का?'

मी त्यांना दगड मारला त्यापेक्षा हे मला जास्त लागलंय.

तुम्ही त्यांना थोडे दिवस बोलावून घ्या. पाण्याजवळ राहतील आणि तुमच्या नजरेसमोर. यांना मी सांगितलं नाही, तुमचं उत्तर आलं की सांगेन.

तुमची मास्तरीण

---

१४ जून

प्रिय बारक्या आणि मास्तरीणबाई,

दोघांना मिळून एकच पत्र, भांडून वाचा.

निकाल तुम्हाला कळलाच आहे. ताकीद दिली आणि पाळीवर परत घेतलं. डिस्पॅचची बदली अर्थातच गेली. मला वाईट वाटलं नाही, आणि वाटलं नाही याचं नवल वाटलं. त्या बाईला मी पत्र टाकलं होतं. तिने उत्तर पाठवलं नाही. का पाठवावं?

बाबा आल्यापासून चार दिवस गॅलरीत बसून होते. मी बोलले की माझ्या ओठांकडे बघायचे आणि थकले की डोळे मिटायचे. काल साहेबांची परवानगी काढून मी त्यांना वीजघर दाखवायला नेलं. मशीनच्या हॉलमध्ये काय आवाज असतो ते तुला माहीत नाही. पोट हलतं. आत शिरताना सगळे कानावर जाड टोपणं चढवतात, बाबांनाही दिली. आणि आत गेल्यावर कोणाला कोणाचं काही ऐकू येत नाही. आम्ही सगळं हातानेच बोलतो. हे वर घे, ते खाली कर, थांब, झालं, पुरे.

बाबा दारातच थबकले. फिटर दुसऱ्या टोकाच्या माणसाला हातवारे करून काही सांगत होता. तो हातानेच उत्तर देत होता, मध्येच हातानेच हसला. बाबा बघतच राहिले. मग त्यांनी कानावरची टोपणं काढून माझ्या हातात दिली, मोठ्या रुबाबात, की मला कशाला हवीत? मी हसले. तेही हसले. मशीनच्या कठड्यावर त्यांनी दोन्ही तळवे ठेवले आणि तसेच उभे राहिले. फिटरने खुणेने विचारलं, चहा? बाबांनी खुणेने सांगितलं, बिनसाखरेचा. तलावाच्या या टोकाहून त्या टोकाला खुणा करण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना हे काय अवघड! परत निघायच्या वेळी ते तिघा जणांना काहीतरी सांगत होते आणि तिघं माना डोलवत होते. बहुधा पोहण्यातलंच असावं.

तिथून त्यांना वर कंट्रोल रूममध्ये घेऊन गेले. वर शांत असतं. ते खुर्चीत बसले तोच डिस्पॅचचा फोन आला. ढग. एक मशीन ताबडतोब. मी भोंग्याच्या बटणाकडे हात नेला. बाबांनी काय समजायचं ते समजून घेतलं आणि, त्यांना स्वतःचा आवाज कळत नाही ना, खोली दणाणेल एवढ्या आवाजात विचारलं,

"नदीत कोणी नाही ना?"

सगळ्यांनी माना वळवल्या. भोंगा वाजवून मी पुलावर फोन लावला. तुमचा शिपाई म्हणाला, "कोणी नाही, मॅडम. नदी मोकळी." मी अंगठा उंचावून बाबांना 'ठीक' अशी खूण केली.

"वळणापलीकडे?" बाबा म्हणाले. तेवढ्याच आवाजात.

मी शिपायाला विचारलं. तो म्हणाला, "इथून दिसत नाही."

"बघून या."

"आत्ता?"

"आत्ता."

फोनमधून त्याने सायकलचा स्टँड काढल्याचा आवाज आला. इकडे दुसरा फोन खणखणत होता. डिस्पॅचमधला माणूस, एवढा वेळ का लागतोय. मी म्हटलं, "पाच मिनिटं थांबा."

"कशासाठी?"

"वळणापलीकडे माणूस बघायला गेलाय."

"तिथे कोणी आहे का?"

"माहीत नाही. तेच बघायला गेलाय."

तो काय काय बोलला ते लिहीत नाही. शेवटी म्हणाला, दुसरीकडून वीज घेतो, पण हे वर कळवावं लागेल. मी म्हटलं, कळवा.  बाबांना काही ऐकू येत नव्हतं, ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

शिपाई धापा टाकत फोनवर आला. वळणापलीकडे कोणी नव्हतं. एक बगळा होता म्हणाला, तो उडून गेला. मग मी मशीन सुरू केलं, सावकाश.

आज सकाळी साहेबांनी लेखी खुलासा मागितलाय. कोणी नसताना उशीर का केला, हे एका पानात लिहून द्यायचं आहे. कागद समोर ठेवलाय. बाबा शेजारी बसून विचारताहेत, काय लिहितेस? मी सांगितलं, बारक्याला पत्र. ते म्हणाले, आधी पत्र लिही, खुलासा नंतर.

तुमची,
ताई